घरपोच आलेले जिवंत कालवे आणि घरची कोळशाची शेगडी

पुण्यात बसून जिवंत कालवे मागवता येतात, हे मला या मार्चपर्यंत माहीत नव्हते. कोकणात उधाणाच्या ओहोटीला खडप उघडे पडले की बायका कोयती घेऊन उतरतात, कालवे तिथल्या तिथे फोडून आतला गर डब्यात जमा करतात आणि बाजारात आपल्या हाती पडतो तो हा काढलेला ऐवज, वाट्याने. शिंपल्यासकट कालव शहरातल्या घरी येणे ही म्हणूनच अपूर्वाई होती. एका घरपोच मासळी सेवेने ‘लाइव्ह ऑयस्टर’ या नावाने जाहिरात केलेली पाहिली आणि दोन डझन मागवले. पोचवणुकीसह 1,800 रुपये पडले, म्हणजे नगाला 75. काढलेल्या कालवांच्या हिशेबाने पाहिले तर हा भाव महागच आहे, पण शिंपला फोडल्याबरोबर जे खारे पाणी वाहून जाते ते काढलेल्या कालवात मिळत नाही, आणि भाजण्यातली सगळी गंमत त्या पाण्यातच असते.

माल सांगितलेल्या वेळेला आला. थर्माकोलच्या खोक्यात तळाशी गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, त्यांवर ओले गोणपाट आणि त्यात चिखलाचे डाग तसेच असलेले राखाडी शिंपले, अशी बांधणी होती. खोके उघडल्यावर ओहोटीच्या वेळी खाडीवर येतो तसा वास आला, कुजका नाही. चोवीसांपैकी वीस घट्ट मिटलेले होते. एकाने किंचित तोंड उघडले होते, पण चमच्याने टकटक करताच ते मिटले, तो जिवंत. तिघे मात्र ठोकूनही उघडेच राहिले, ते सरळ टाकून दिले. कळवल्यावर तिघांचे पैसे त्याच संध्याकाळी परत आले, याबद्दल सेवेला पूर्ण गुण.

गुण गेले ते खोक्यातल्या चिठ्ठीपायी. ‘वापरेपर्यंत स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावे’ असे तिच्यावर छापलेले होते, आणि हा सल्ला पाळणाऱ्याच्या हाती सकाळी मेलेले कालवे लागतील. गोड पाण्यात हा जीव तगत नाही, आणि मीठ कालवून पाणी केले तरी बंद भांड्यातला प्राणवायू लवकरच संपतो. कालव ठेवायचे ते फ्रीजमध्ये, उथळ ताटात, खोलगट बाजू खाली करून, वर ओले फडके टाकून. डब्याचे झाकण लावायचे नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. खोक्यावर बांधणीची तारीख होती, काढणीची नव्हती. अमेरिकेत शिंपल्यासकट विकल्या जाणाऱ्या कालवांच्या प्रत्येक पिशवीला काढणीची तारीख आणि जागा लिहिलेली पट्टी असते आणि हॉटेलांना ती 90 दिवस जपून ठेवावी लागते, कारण कोणी आजारी पडले तर माल कोणत्या पाण्यातून आला हे शोधता आले पाहिजे. कालव पाणी गाळून जगते; त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठते.

फोनवर विचारले तेव्हा माल केरळच्या खाडीतल्या शेतीचा असल्याचे कळले. ते पटण्यासारखे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथे रुजवलेल्या पद्धतीत जुन्या शिंपल्यांच्या माळा मचाणाला टांगतात, त्यांवर पिल्ले बसतात आणि पावसाने खाडीचे पाणी गोडे होण्याआधी काढणी होते. पुढच्या, पोटातली घाण निघून जावी म्हणून विक्रीआधी शुद्ध केलेल्या खाऱ्या पाण्यात किती तास ठेवता, या प्रश्नाला मात्र ‘प्रोसेस केलेलं असतं, सर’ एवढेच उत्तर मिळाले.

आता भाजण्याविषयी. कच्चे कालव फोडण्याची खास सुरी माझ्याकडे नाही आणि ती विकत घ्यावी असेही वाटत नाही, कारण निखारे ते काम स्वतःच करतात. शिंपले नळाखाली ब्रशने घासून घेतले. गच्चीवरच्या शेगडीत कोळशावर पांढरी राख चढली तेव्हा वांगी भाजायची जाळी ठेवली आणि खोलगट बाजू खाली राहील असे सहा-सहा कालवे मांडले. पहिली तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही. मग बिजागरीपाशी एक बुडबुडा फुटतो, पाणी चर्रकन निखाऱ्यावर सांडते आणि वरचा शिंपला जेमतेम बोटाच्या नखाएवढा उचलला जातो. तेवढी फट पुरे. जाड कापडाने धरून त्या फटीत जुनी बोथट सुरी घालायची, पिळायची, वरचे झाकण काढायचे आणि आत शिंपल्याला चिकटलेला स्नायू खालून कापून मोकळा करायचा. शिंपल्याच्या कपच्या मधूनच टचकन उडतात, तेव्हा मुलांना लांब ठेवावे. माझ्या मनगटावर एक बसलीच.

उघडलेले कालव पुन्हा जाळीवर ठेवून चार मिनिटे आणखी भाजले. कडा चुरमडल्या आणि पाणी शिंपल्यातच खदखदू लागले की ते शिजले. मला स्वतःला हा दुसरा फेरा अनिवार्य वाटतो, कारण लिंबू पिळल्याने किंवा तिखट घातल्याने व्हिब्रियोसारखे जिवाणू मरत नाहीत. ते काम उष्णतेनेच होते. यकृताचा आजार असलेल्यांनी तर कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कालव खाऊच नये. पहिल्या सहांवर लोणी, लसूण आणि हिरवी मिरची घातली; चव चांगली, पण लसणीचीच. दुसऱ्या खेपेला शिंपल्यात कोकम आगळाचे चार थेंब आणि चिमूटभर मिरपूड, एवढेच घातले आणि तेव्हा त्या खाऱ्या पाण्याची गोडी पहिल्यांदा नीट लागली. खडपावरच्या कोकणी कालवांपेक्षा हे आकाराने मोठे आणि मऊ होते. चावण्याजोगा घट्टपणा थोडा कमी पडला, असे आमच्या आत्याचे मत पडले आणि मी ते खोडून काढू शकलो नाही.

शेगडी नसेल तर ओव्हनच्या ताटात खड्या मिठाचा थर पसरून त्यात शिंपले रोवावेत, म्हणजे ते कलंडत नाहीत, आणि 230 अंशांवर दहा मिनिटे ठेवावेत. उरलेले तीन मी असे करून पाहिले. शिजले व्यवस्थित, पण धुराचा वास नाही.

पाचपैकी साडेतीन. मालाला साडेचार दिले असते. एक गुण त्या चिठ्ठीने नेला. पावसाळ्यात मी मागवणार नाही. दिवाळीनंतर पुन्हा मागवेन, तेही काढणीची तारीख आधी लेखी मागून.