‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

परदेशात स्वतः गाडी चालवायचा बेत असेल आणि एखादा एजंट ‘आरटीओत कशाला खेटे घालता, आम्ही दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स देतो’ म्हणाला, तर त्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. असं लायसन्स नसतंच. आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो.

आम्ही जुलैत जपानमध्ये होक्काइडोला गेलो होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. आठ सीटची व्हॅन घ्यायची आणि मी, माझे मिस्टर आणि दीर, तिघांनी आळीपाळीनं चालवायची असं ठरलं होतं. मुलीकडे अमेरिकेला जायचं म्हणून माझा परवाना मी त्याच वर्षी ठाण्याच्या आरटीओतून काढला होता. या दोघांचं काम नौपाड्यातल्या एका एजंटनं अंगावर घेतलं. प्रत्येकी सात हजार. सरकारी फी एक हजार आहे. त्यानं दिली सोनेरी अक्षरांची जाड पुस्तिका, आत अनेक भाषांतली पानं, फोटो, शिक्का आणि वर एक प्लास्टिकचं कार्ड. ‘वहिनी, तुमचं वर्षभरात बाद होणार, यांचं दहा वर्षं बघायला नको,’ असं त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं.

न्यू चितोसे विमानतळाजवळ गाडी घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं चालणाऱ्या परवान्यांचे नमुने छापलेला कागद पुढे ठेवला. माझी पुस्तिका त्याच्याशी ताडून पाहिली, पासपोर्ट आणि भारतातलं मूळ लायसन्स मागितलं आणि मान डोलावली. मग या दोघांच्या पुस्तिका घेतल्या. प्रत्येक पान उलटलं, १९४९ चा उल्लेख शोधला. तो कुठेच नव्हता. तिनं दोन्ही हातांची फुली करून दाखवली. मॅनेजर आला, त्यानंही तेच सांगितलं. जपान फक्त १९४९ च्या कराराचा परवाना मानतो. तो नसताना गाडी चालवली तर विनापरवाना चालवल्याचा गुन्हा होतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. अपघात झाला तर भाड्याच्या गाडीचा विमाही हात वर करतो.

त्या रात्रीची खोली शिरेतोकोजवळच्या उतोरोला होती, पैसे आधीच भरलेले. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त, आणि चालवणारी मी एकटी. सासूबाईंना फुरानोची लॅव्हेंडरची शेतं पाहायची होती, मुंबईहून निघाल्यापासून त्या तेच बोलत होत्या. वेळ वाचवायचा म्हणून तो फाटा सोडून आम्ही एक्सप्रेसवेनं थेट असाहिकावाकडे निघालो. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

असाहिकावाच्या पुढे वस्ती विरळ होते. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली रोखलेले बाण दिसतात, हिवाळ्यात बर्फाखाली रस्त्याची कड कळावी म्हणून लावलेले. दर तासा-दीड तासानं ‘मिचि-नो-एकी’ म्हणजे रस्त्यालगतच्या विश्रांतीच्या ठिकाणी मी थांबत होते, तोंडावर पाणी मारत होते. दीर शेजारी बसून मला बोलतं ठेवत होते. अबाशिरी ओलांडलं तेव्हा मान आणि खांदे पार आखडले होते. तिकडे जुलैतही सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हरणं रस्त्यावर येतात. उतोरोच्या अलीकडे दोन हरणं गाडीसमोर उभी राहिली. वेग कमी होता म्हणून ब्रेक लागला. मागे मुलं झोपली होती. सात हजारांपेक्षा मला त्या क्षणाचा राग जास्त आहे.

ठाण्यात परतल्यावर एजंट म्हणाला, ‘तो तिकडच्या कंपनीचा प्रॉब्लेम.’ मग बिल नीट पाहिलं. त्यावर लिहिलंय ‘डॉक्युमेंट ट्रान्सलेशन सर्व्हिस’. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे की हे सरकारी कागदपत्र नसून लायसन्सचं भाषांतर आहे. म्हणजे तोंडी लायसन्स विकायचं आणि कागदावर भाषांतर. अडकायची वेळ आली की निसटायची वाट त्यानं आधीच करून ठेवलेली.

खरा परवाना परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करून मिळतो. हातात आला की १९४९ च्या कराराचा उल्लेख आणि मुदतीची तारीख पाहा. जपानला जाणाऱ्यांनी तर हे निघण्याच्या बरंच आधी करा, कारण तिथल्या काउंटरवर दुसरा कुठलाही उपाय नसतो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं जमवतोय. नौपाड्यात कुणी अशी सोनेरी पुस्तिका घेतली असेल तर बिल फाडू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि एजंटचे मेसेज जपून ठेवा. आणखी दोन-चार घरं पुढे आली तर तक्रारीला वजन येईल.