जुने पॅव्हेलियन नव्याने वापरात आणताना: तीन वाटांची तुलना

मैदानाकाठच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या पॅव्हेलियनचे काय करायचे, यावर बैठक बसली की चर्चा छप्पर, रंग आणि घड्याळाभोवतीच फिरते. निर्णय मात्र एका साध्या प्रश्नावर ठरतो: खेळाडूंनी आंघोळ कुठे करायची?

हिशेब करून पाहा. दोन संघांचे २२ खेळाडू, प्रत्येकी ५ मिनिटे, मिनिटाला ९ लिटर पाणी. म्हणजे सामना संपल्यावर तासाभरात सुमारे १,००० लिटर गरम पाणी. त्याची वाफ वर जाते आणि छप्पर पेलणाऱ्या थंड लाकडी कैच्यांवर (त्रिकोणी चौकटींवर), छताच्या फळ्यांवर पाणी होऊन बसते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला सोयीचे दिवस येतात. पावसाने शंभर वर्षांत केले नाही ते नुकसान शॉवर थोड्या वर्षांत करतात, आणि रंगाखाली चालल्यामुळे ते दिसतही नाही.

वाटा तीन आहेत. आहे ती इमारत दुरुस्त करून सगळे तिच्यातच ठेवायचे. बाहेरच्या भिंती ठेवून आतले सगळे नवे बांधायचे. किंवा जुनी इमारत बसण्या-पाहण्यासाठी ठेवून ओल्या खोल्या शेजारच्या नव्या बैठ्या बांधकामात न्यायच्या.

आधी तपासणी

कैचीचे टोक जिथे भिंतीत शिरते, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. वरचा रंग गुळगुळीत आणि तकतकीत असतो. स्क्रू ड्रायव्हर आत बोटभर सहज गेला आणि बाहेर येताना तपकिरी भुगा घेऊन आला, तर तिथले लाकूड संपले आहे. ही जागा नेमकी पन्हळीखाली असते, म्हणून कुज बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पोकळ खांबांची जाडी चारही बाजूंनी मोजून घ्या. ओतताना आतला साचा सरकला असेल तर एका बाजूला २५ मिमी आणि समोरच्या बाजूला जेमतेम १० मिमी बीड सापडते. बीड दाब उत्तम सोसते, वाकणे सोसत नाही, इशारा न देता तडकते. तडा साध्या वेल्डिंगने जोडायला गेलात तर उष्णतेने शेजारी दुसरा पडण्याची भीती असते. तो टाके घालून थंड पद्धतीने शिवतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडी घासणी नको.

वाट पहिली: दुरुस्ती करून सगळे आतच

मूळ वस्तू सर्वांत जास्त वाचते ती इथे. कुजलेले टोक चांगल्या लाकडापर्यंत कापायचे, त्याच जातीच्या आणि नीट सुकलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरकस सांध्याने जोडायचा, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने आवळायचा. ओक किंवा सागासारख्या लाकडात साधे लोखंडी बोल्ट गंजतात आणि भोवतीचे लाकूड काळे पाडतात. पाटीच्या दगडाच्या छपरात अनेकदा दगड धडधाकट असतो, गंजलेले असतात ते खिळे. दगड उतरवून तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसवता येतो. ‘सगळे बदला’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला आधी एक खिळा काढून दाखवायला सांगा.

विटांच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरणे ही इथली सर्वांत महाग पडणारी बचत. जुनी वीट मऊ, सिमेंट घट्ट. भिंतीतली ओल सांध्यातून सुटू शकत नाही, मग विटेतून सुटते. क्षार विटेच्या तोंडाशी साचतात आणि तोंड पापुद्र्यासारखे निघते. उरतो तो सिमेंटचा जाळीदार सांगाडा, मध्ये खड्डे. दर्जा रुंदीच्या निदान दुप्पट खोल, हाताने खरवडायची. ग्राइंडर चालवला की विटेच्या कडा गेल्याच. भिंत भिजवून १ भाग मुरवलेला चुना आणि ३ भाग टोकदार कणांची वाळू भरायची, ओले गोणपाट टांगून आठवडाभर ओलसर ठेवायची. ५ अंशांखालच्या थंडीत किंवा रणरणत्या उन्हात हे काम करू नये.

एवढे करून शॉवर आतच ठेवायचे तर हवा ओढणारे पंखे, फरशीखाली अखंड जलरोधक थर आणि वाफ अडवणारे छत लागते. पंखा दिव्याच्या बटणाला जोडू नका. खेळाडू दिवा बंद करून निघून जातो आणि वाफ तिथेच राहते. ओलाव्यावर चालणारे, माणूस गेल्यावरही फिरत राहणारे पंखे हवेत. आठवड्यात एखादाच सामना होणार असेल तर ही वाट निभते. रोज सराव असेल तर नाही.

वाट दुसरी: कवच ठेवून आत नवे

जागा भरपूर मिळते, लिफ्ट बसते, पाइप हवे तिथून जातात. पण जुने मजले काढताच भिंतींचा आडवा आधार जातो. नवा सांगाडा उभा राहीपर्यंत त्या बाहेरून तोलून धराव्या लागतात, आणि खर्चाचा अंदाज इथेच कोसळतो. शिवाय उरते काय, तर दर्शनी भाग. वास्तुजतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत समाजोपयोगी वापर इष्ट मानला आहे, पण त्यापायी इमारतीची मांडणी किंवा सजावट बदलू नये असेही म्हटले आहे. संरक्षित यादीतल्या वास्तूला या वाटेने परवानगी मिळणे म्हणूनच अवघड. आमच्या मते आतले आगीत किंवा आधीच्या फेरफारांत संपलेले असेल, तरच हा विचार करावा.

वाट तिसरी: कोरडे आत, ओले बाहेर

बहुतेक ठिकाणी हीच बरी. शॉवर, शौचालये, धुलाई, बॉयलर नव्या बांधकामात. जुन्या इमारतीत विजेच्या तारा आणि एखाददुसरा नळ, एवढेच.

यात चुका होतात त्या जोडाच्या जागी. जुना पाया उथळ असतो, त्याला खेटून त्याच्या तळाखाली खोदले की जुनी भिंत नव्या खड्ड्याकडे झुकते. पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणारी रेघ कल्पा आणि नवे खोदकाम तिच्या बाहेर ठेवा. नवी इमारत सुरुवातीला थोडी खचते, जुनी खचून मोकळी झालेली असते. दोघींना एकाच भिंतीने जखडले की तडा ठरलेला. मध्ये हलकी, छपराची वाट आणि २५ मिमीचा लवचीक सांधा पुरतो. त्या वाटेच्या छपराचे पाणी जुन्या भिंतीकडे उतरता कामा नये. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

या वाटेवरचा एक आक्षेप खरा आहे. लंडनच्या लॉर्ड्स क्रिकेट मैदानावर फलंदाज ड्रेसिंग रूममधून खाली येऊन लाँग रूममधून, म्हणजे पॅव्हेलियनमधल्या सभासदांच्या दालनातून, मैदानात उतरतो; ते चालणे हाही त्या इमारतीचाच भाग आहे. तुमच्याकडे अशी रीत असेल तर कपडे बदलण्याची कोरडी खोली जुन्या इमारतीतच राहू द्या, बाहेर न्या ते फक्त पाणी. खिळ्यांच्या बुटांसाठी वाटेवर जाड रबरी पट्टे अंथरा, नाहीतर लाकडी जमीन दोन हंगामांत चाळण होईल.

तिन्ही वाटांवर न टळणारे

घराच्या मजल्यावर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजनाइतका) भार धरतात, पक्क्या खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात ४, उभ्या गर्दीसाठी ५. जुनी गॅलरी त्यात बसत नसेल तर तुळयांना पोलादी पट्ट्यांची जोड द्या किंवा माणसे कमी करा. कठडा १.१ मीटरचा लागतो. जुना ८०० मिमीचा नक्षीदार असेल तर तो न कापता मागे बारीक नळीचा दुसरा उभा करावा. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे ६०० मिमीच्या जोत्याला ७.२ मीटर लांबी. ही जागा नकाशावर आधी राखा, नंतर ती सापडत नाही.

आणि पायऱ्यांच्या बैठकीखालची पोकळी. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड फुटबॉल मैदानावर लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ जणांचा जीव गेला. फळ्यांमधल्या फटी बुजवा, पोकळीत साठवण करू नका, आणि सामना चालू असताना मागचे दरवाजे बाहेर उघडतील असे, बिनकुलपाचे ठेवा.