‘ओरिजिनल’ इंजेक्टरचे १,८४,८५० रुपये

बनावट पार्ट घेतले आणि इंजिन घालवून बसलो. हिशेब आधीच देतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. पेट्रोलचा पंप ११,५००. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, चार, प्रत्येकी ७,००० म्हणजे २८,०००. प्रेशर रेग्युलेटर ६,५००. कुरिअर ८५०. झाले ४६,८५०. मग इंजिनाच्या दुरुस्तीचे १,३८,०००.

गाडी २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. कंपनीतून आली तेव्हा १५० हॉर्सपॉवर. मोठा टर्बो बसवला, बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) १.२ बारवर नेला आणि पेट्रोल पुरेना. पुरणारच नाही. बूस्ट वाढला की रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाबही तेवढाच वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की पंपाची धार बारीक होते. त्यात हल्लीचं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते आणखी जास्त लागतं. म्हणून टाकीत वालब्रो कंपनीचा, तासाला २५५ लिटरचा पंप आणि मिनिटाला ५५० सीसीचे इंजेक्टर घालायचे ठरवले. या नावाने बनावट पंपांचा किती सुळसुळाट आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मीच सांगत आलोय, हेच तर दुखतंय.

विकणारा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. बोलायला मिठ्ठास. “दादा, भाऊ दुबईहून आणतो.” बिल मागितलं तर म्हणे, “बिल हवं तर २८ टक्के जीएसटी वर पडेल, बघा तुम्ही.” (सप्टेंबर २०२५ आधीचा दर.) मी बघितलं. जवळपास तेरा हजार वाचत होते. तुम्हीही हेच केलं असतंत, उगाच नाही म्हणू नका. पैसे यूपीआयने, एकरकमी. (क्रेडिट कार्डाने द्या. निदान बँकेशी भांडता तरी येतं.)

पार्सल आलं त्या रात्री जेवणाच्या टेबलावर, पपयांची चित्रं असलेल्या मेणकापडावर, सगळं मांडलं. इंजेक्टरच्या खोक्यात फ्लो टेस्टचा, म्हणजे कुठला इंजेक्टर मिनिटाला किती सोडतो त्या मोजणीचा, कागद होता. चार ओळी. ५५०, ५५०, ५५०, ५५०. आणि चारही ओळींत सिरीयल नंबर एकच. अहो, खरंच मोजलेल्या, जुळवून लावलेल्या संचातसुद्धा ५४७, ५५१ असा एकदोनाचा फरक राहतोच! बायको बँकेत आहे, नोटांवरचे नंबर बघायची तिला सवय. ती म्हणाली, “चौघांना एकच नंबर कसा?” मी म्हणालो, “बॅच नंबर असतो तो.” इतक्या आत्मविश्वासाने म्हणालो की तीही गप्प बसली. वर त्या माणसाला टेबलावरच्या मालाचा फोटो पाठवला, ‘मस्त’चा अंगठा जोडून.

खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. वाइडबँड मीटर (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग, हे दाखवणारा) ११.८ वर असायचा, तो १४ च्या पुढे गेला. मला वाटलं सेन्सर बिघडला. मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवत असेल तर आधी पाय उचला, सेन्सरची चौकशी नंतर. मी दोन सेकंद विचार करत बसलो. टरटर आवाज, मग मागे निळा धूर. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक.

मेकॅनिकने पंप काढून, पेट्रोलने भिजलेलं फडकं फिरवलं. नावाची अक्षरं फडक्यावर आली. चार बार दाबावर मोजलं तर मिनिटाला सव्वा लिटर. तिथे तीनच्या वर हवं. “साहेब, ही मिक्सरची मोटर आहे.” हे मोजमाप गाडीत बसवण्याआधी करून घ्या. मापाचं भांडं आणि घड्याळ पुरतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि प्रकरण गेलं आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात. तिथे पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हद्द आमची नाही. तिसऱ्या दिवशी एक साहेब भेटले: “माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब.” बनावट माल मिळाला, म्हटलं. “बिल?” नाही. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचारलं, “आणि हे गाडीत बसवायला आरटीओची परवानगी घेतलीये?” मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ त्यांना तोंडपाठ होतं. फसवणुकीचं कलम मात्र सापडेना! एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला, हा सल्ला फुकट मिळाला. रजा गेल्या चार, झेरॉक्स ६० रुपयांच्या, आणि कागदावर साधी पोचही नाही. ग्राहक आयोगाकडे जावं तर तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.

त्या हरामखोराला हे सगळं आधीच ठाऊक असतं. आपण बिल घेत नाही आणि बदल लपवतो, म्हणून तो आपल्यालाच गाठतो. तेव्हा जीएसटी भरा, रडत भरा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. सिरीयल नंबर पैसे देण्याआधी मागा आणि अधिकृत वितरकाला विचारा.

मला त्याने ब्लॉक केलंय. परवा एका मित्राने त्याची नवी जाहिरात दाखवली. इंजेक्टर आता ७,५०० ला एक. खाली लिहिलंय, ‘समाधानी ग्राहक’. फोटोत माझ्या टेबलावरच्या पपया.