एलएसडी म्हणून माझ्या गळ्यात मारलेला वेल्डिंगचा डिफरन्शियल

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीच्या बाजूला आमचे थोडे वडिलोपार्जित रान आहे. तिथे जाण्यासाठी मी जुनी मारुती जिप्सी वापरतो. डांबरी रस्ता सोडल्यानंतरचा शेवटचा टप्पा तांबड्या मातीच्या चढाचा असून पावसाळ्यात पाण्याने त्यात आडवेतिडवे चर पडतात. अशा चरात मागचे एक चाक आणि तिरप्या बाजूचे पुढचे चाक अधांतरी लोंबकळले की फोर व्हील लावूनही पुढचे एक आणि मागचे एक अशी दोनच चाके जागेवर गरगरतात आणि गाडी तसूभरही हलत नाही. जिप्सीचे दोन्ही डिफरन्शियल, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे ऍक्सलमधले गिअरसंच, साधे आहेत. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे अधांतरी चाकाला फिरायला जेवढा नगण्य जोर पुरतो, तेवढाच जमिनीवरच्या चाकाच्याही वाट्याला येतो.

म्हणून मागच्या ऍक्सलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक गरगरू लागले तरी दुसऱ्यालाही जोर देणारी एलएसडी, बसवण्याचे मी ठरवले. फोर्स गुरखाला चालकाने हाताने लावायचे, दोन्ही चाके एकत्र जखडणारे लॉक दोन्ही ऍक्सलला मिळतात आणि महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर येतो, हे मला ठाऊक होते. निव्वळ चरांचाच विचार केला असता, तर पूर्ण लॉक होणारी रचना अधिक उपयोगी ठरली असती. परंतु ही गाडी माझी पत्नीही चालवते आणि तिचे बहुतेक अंतर ओल्या डांबरी घाटात जाते, म्हणून वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारी, एकमेकींवर घासणाऱ्या प्लेटांची एलएसडी मला योग्य वाटली. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

महामार्गालगतच्या एका गॅरेजच्या मालकाने जपानमधील जुन्या गाडीतून काढलेली, जिप्सीला तंतोतंत बसणारी एलएसडी आपल्याकडे असल्याचे सांगून बसवण्यासह 28,000 रुपये मागितले. काम पूर्ण झाल्यावर त्याने मागची दोन्ही चाके उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवले आणि दुसरे चाक त्याच दिशेने फिरले. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे चाक सहसा उलट फिरते, हे मला माहीत होते. त्यामुळे माझी पूर्ण खात्री पटली आणि मी पैसे दिले. तेल कोणते घालायचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, “नेहमीचे कोणतेही गिअर ऑइल चालते.” प्लेटांच्या एलएसडीला घर्षण नियंत्रित करणारा घटक असलेले तेल लागते, नाहीतर प्लेटा वळणावर अडखळतात आणि आवाज करतात, हे मी वाचले होते. त्याच क्षणी मी त्याला अडवायला हवे होते.

त्याच संध्याकाळी यवतेश्वरच्या वळणांवर टायर कर्कश घासू लागले आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ पाहू लागली. याचे कारण साध्या हिशेबाने समजते. अर्धवर्तुळाच्या वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा, दोन चाकांमधील अंतराला 3.14 ने गुणले तर जेवढे येईल, तेवढे जास्त जावे लागते. हे अंतर सुमारे 1.3 मीटर धरले, तर एका वळणात जवळजवळ 4 मीटरचा फरक पडतो. दोन्ही चाके एकमेकांना जखडलेली असतील, तर हा सगळा फरक टायरने रस्त्यावर घासूनच भरून काढावा लागतो आणि घासायला जागा मिळाली नाही, तर त्याचा पीळ हाफ शाफ्टमध्ये, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यात, साठतो. मी गॅरेजमालकाला फोन केला. प्लेटा बसायला 500 किलोमीटर जावे लागतात, असे त्याने शांतपणे सांगितले आणि मी ते मानले. श्रावणातल्या एका ओल्या वळणावर पत्नी गाडी चालवत असताना मागचा भाग दरीच्या बाजूला सरकला. मुले मागे बसली होती. त्यानंतर पंधरा दिवसांतच सपाट डांबरी रस्त्यावर वळताना उजवा हाफ शाफ्ट तुटला.

कऱ्हाडच्या ज्या मेस्त्रींनी काही वर्षांपूर्वी माझ्या जिप्सीचे क्राऊनचे, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरचे, बेअरिंग बदलले होते, त्यांच्याकडे गाडी ओढून नेली. तेल काढल्यावर प्लगच्या चुंबकाला चकचकीत कण चिकटलेले दिसले. डिफरन्शियलची केस, म्हणजे गिअरभोवतीचे कवच, उघडली, तर आत एकही प्लेट नव्हती. स्टार पिनियन, म्हणजे मधले छोटे गिअर, आणि बाजूचे गिअर एकमेकांना वेल्डिंग करून कायमचे जखडले होते. त्याहून मोठा धक्का मेस्त्रींनी दाखवलेल्या खुणेने बसला. बेअरिंग बदलताना त्यांनी केसवर पंचाने मारलेले दोन ठिपके तसेच होते. जपानचा कोणताही भाग गाडीत आलाच नव्हता आणि माझ्याच डिफरन्शियलला वेल्डिंग मारून तो मला विकण्यात आला होता.

माझी चूक तपासणीत झाली. दोन्ही चाके उचलून केलेली ती चाचणी वेल्डिंग केलेला डिफरन्शियल बिनबोभाट पार करतो, किंबहुना चांगल्या एलएसडीपेक्षाही ठामपणे पार करतो. मेस्त्रींनी मला दुसरी पद्धत करून दाखवली. पुढच्या चाकांना ठोकळे लावायचे, हँडब्रेक सोडायचा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि टू व्हीलमध्ये ठेवायची, मागचे एकच चाक उचलून ऍक्सलखाली स्टँड लावायचा आणि उचललेले चाक फिरवून पाहायचे. साध्या डिफरन्शियलचे चाक हलकेच फिरते, प्लेटांच्या एलएसडीचे चाक लांब दांड्याने जोर लावल्यावर घसरत फिरते, तर वेल्डिंग केलेल्याचे चाक फिरतच नाही, कारण जमिनीवरचे दुसरे चाक त्याला धरून ठेवते. मात्र गिअरवर चालणाऱ्या काही एलएसडी आणि थारमधल्यासारखा आपोआप लागणारा लॉकर हाताने फिरवताना साध्यासारखेच हलके लागतात, त्यामुळे तिथे ही चाचणी पुरत नाही. त्यासाठी केस बंद होण्यापूर्वी स्वतः उभे राहून आतला भाग पाहावा आणि त्याचे फोटो काढावेत. हवेवर किंवा विजेवर चालणारा लॉकर घेत असाल, तर तो लावून आणि सोडून अशा दोन्ही स्थितींत हीच तपासणी करून घ्यावी.

माझ्याकडे पक्के बिल नव्हते. “डिफ काम” एवढेच लिहिलेली चिठ्ठी आणि मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद एवढाच पुरावा माझ्या हाती होता. केस उघडतानाचे फोटो आणि मेस्त्रींचे लेखी म्हणणे जोडून मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज दिला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही मी तक्रार नोंदवली आहे.

सध्या जिप्सीत साधा डिफरन्शियल आणि नवा हाफ शाफ्ट आहे. वेल्डिंग केलेली ती केस मी मोडीत दिलेली नाही. ती कऱ्हाडला मेस्त्रींकडे पोत्यात बांधून ठेवली आहे आणि एलएसडी बसवण्याच्या विचाराने त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी उघडून दाखवावी, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.