लहान विद्यापीठातील ॲथलेटिक्स प्रशिक्षण : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी नागपूरच्या वेशीबाहेरील एका लहान खासगी विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून तेथील संघातून ती ४०० मीटर आणि रिले धावते. प्रवेशाच्या वेळी आम्हांला पदकांची छायाचित्रे दाखवण्यात आली. मैदान मात्र आम्ही फी भरल्यानंतर पाहिले.

मैदान मुरमाचे आहे आणि त्यावर फक्कीने आखलेला ट्रॅक जेमतेम २०० मीटरचा आहे. प्रमाणित ट्रॅकवर ४०० मीटरच्या शर्यतीत दोन वळणे येतात, येथे चार येतात आणि तीही आवळ, त्यामुळे वेळ वाढतो आणि घोट्यावर ताण पडतो. पहिल्याच वर्षी मुलीचा घोटा सुजला, तेव्हा विद्यापीठात फिजिओथेरपिस्ट नव्हता आणि आजही नाही. आठवड्यातून दोनदा मुलांना मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातील सिंथेटिक ट्रॅकवर नेले जाते, परंतु त्यासाठी बस मिळत नसल्याने ने-आण पालकांनाच करावी लागते.

असे असूनही मी मुलीला तेथून काढले नाही, याचे कारण प्रशिक्षक. संघात वीस-बावीसच मुले असल्यामुळे सरांना प्रत्येकाची चाल पाठ आहे. मार्च लागला की ऊन तापण्याआधी सराव आटोपावा म्हणून ते सव्वापाचला मैदानावर हजर असतात आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत स्वतः लिहितात. ४ बाय १०० रिलेत बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच हाती यावी लागते. त्यासाठी त्यांनी महिनाभर केवळ देवघेवच करून घेतली. मागची मुलगी जमिनीवरच्या खुणेपाशी पोहोचताच पुढचीने निघायचे, ‘हात!’ ही हाक ऐकू येताच मागे न पाहता तळवा मागे न्यायचा; बॅटन निसटली की पुन्हा पहिल्यापासून. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आमच्या मुली प्राथमिक फेरीतच बाद झाल्या, पण त्या दिवशीची वेळ त्यांची आजवरची सर्वोत्तम होती आणि एकही देवघेव चुकली नाही. माझ्या मते ही मोठी कमाई आहे.

क्रीडा क्षेत्रातील सर्वोत्तम विद्यापीठाला मिळणाऱ्या मौलाना अबुल कलाम आझाद करंडकासाठी अनेक खेळांतील कामगिरीचे गुण एकत्र मोजले जातात, त्यामुळे मोजके संघ असलेल्या विद्यापीठाला त्या शर्यतीत स्थानच नसते. लहान विद्यापीठाने एक-दोन खेळ निवडून त्यांत जीव ओतावा. २०२३ मध्ये बर्लिन येथे १५० पैकी १५० गुण मिळवून तिरंदाजीचा विश्वविजेता ठरलेला आपल्या नागपूरचा ओजस देवतळे प्रशिक्षणासाठी साताऱ्याला गेला होता. चांगला प्रशिक्षक गावातच मिळतो तेव्हा त्याला बस आणि फिजिओथेरपिस्ट देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे, आणि तसा लेखी अर्ज आम्ही पालकांनी दिला आहे.

येथे मुलांना घालू इच्छिणाऱ्यांनी एकदा पहाटे मैदानावर जाऊन सराव पाहावा आणि सरांची वही मागून घ्यावी. ते ती आनंदाने दाखवतात.