पोर्शे बॉक्स्टर ९८६ आणि दोन स्कॅनर: वर्षभराच्या वापरानंतर

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणाऱ्या स्कॅनरला एखादा आकडा वाचता आला नाही, तर त्याने तसं सांगावं. जागा रिकामी सोडावी, रेघ मारावी, 'उपलब्ध नाही' म्हणावं, पण शून्य दाखवू नये. मी घेतलेल्या हँडहेल्डने, म्हणजे हातात धरायच्या स्कॅनरने, शून्य दाखवलं, म्हणूनच हे सविस्तर लिहायला बसलो. विक्रेत्याशी वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे त्या यंत्राचं नाव देत नाही. तुमचं यंत्र हेच करतंय का ते कसं ओळखायचं, ते मात्र पुढे सांगतो.

गाडी २००३ ची बॉक्स्टर एस (बॉक्स्टरची पहिली पिढी, पोर्शेचा क्रमांक ९८६), ३.२ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. मी स्टुटगार्टजवळ राहतो. गाडी पोर्शेच्या गावात फिरते, तरी तिच्या व्हीआयएनमधलं (चॅसी नंबरमधलं) अकरावं अक्षर 'यू' आहे, म्हणजे ती फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीच्या वाल्मेट कारखान्यात बनलेली. ९८६ पैकी कितीतरी गाड्या तिथल्याच आहेत आणि त्याने कुठलाही फरक पडत नाही.

स्कॅनरची गरज पडली ती एअरबॅगच्या दिव्यामुळे. इथे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला असला की गाडी पास होत नाही. जवळच्या गॅरेजने नुसता कोड वाचून पुसायचे १२० युरो सांगितले, दुरुस्तीचा खर्च वेगळा. हे मला पटलं नाही. वीस वर्षं जुनी गाडी सांभाळायची तर असे दिवे पेटतच राहणार. दर वेळी एवढे पैसे मोजण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत स्वतःचं यंत्र येतं.

आधी घरात पडलेलं ब्लूटूथ डोंगल लावून पाहिलं. ते बिचारं फक्त इंजिनच्या संगणकाशी, म्हणजे डीएमईशी बोलतं, आणि तेही धुराशी संबंधित पी-कोडपुरतंच. एअरबॅग, एबीएस-पीएसएम (ब्रेक आणि गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा), अलार्म, एसी हे सगळे कंट्रोल युनिट वेगळे, आणि त्यांच्याशी पोर्शेच्या पद्धतीनेच बोलावं लागतं. त्यातून ९८६ मध्ये ओबीडी सॉकेटवर, म्हणजे स्कॅनर जोडायच्या जागी, कॅन ही नवी डेटा-लाइन नाही, जुनी के-लाइन आहे. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं खोक्यावर छापलेलं कितीतरी साहित्य इथेच गप्प होतं. म्हणून फक्त पोर्शेसाठी म्हणून मिळणारं हँडहेल्ड मागवलं.

एअरबॅगच्या कामात त्याने पैसे वसूल करून दिले, हे आधीच सांगतो. कोड आला ड्रायव्हरच्या बाजूच्या बेल्टच्या बकलचा. ९८६ मधलं हे ठरलेलं दुखणं: बकलच्या आतला स्विच झिजतो, रेझिस्टन्स मर्यादेबाहेर जातो आणि दिवा पेटतो. स्विच बदलला तरी दिवा आपोआप जात नाही, एअरबॅग युनिटमधून कोड पुसावाच लागतो. बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबलो, सीट मोकळी करून मागे कलती केली, बकल बदललं, पिवळा कनेक्टर नीट बसवला आणि मगच इग्निशन चालू केलं. कोड पुसला, दिवा गेला, गाडी पास झाली. तोवर मी ह्या यंत्रावर खूश होतो.

मग ओव्हर-रेव्हचं पान उघडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्या गाड्यांचा डीएमई इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं ते कायमचं लिहून ठेवतो. पहिली पातळी रेव्ह लिमिटरच्या, म्हणजे इंजिनला ठरावीक वेगापलीकडे जाऊ न देणाऱ्या मर्यादेच्या, आसपासची. तिथे पाय दाबून धरला तरी पोचता येतं. दुसरी पातळी त्याच्या बरीच वर, आणि तिथे फक्त चुकीचा गिअर पडला तरच जाता येतं, म्हणजे पाचव्यातून चौथ्यात यायचं आणि काडी दुसऱ्यात गेली, असं. गाडीची चाकंच इंजिनला फिरवतात, लिमिटर काही करू शकत नाही. मोजमाप वेळा किंवा सेकंदांत नसतं, स्पार्कमध्ये असतं. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, एका फेऱ्याला तीन स्पार्क. ७,२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे ३६० स्पार्क. त्यामुळे पहिल्या पातळीत ३०० आकडा दिसला की लोक घाबरतात, पण तो एका सेकंदाचाही हिशेब नाही. घाबरायचं ते दुसऱ्या पातळीला, आणि तिच्यासमोर लिहिलेल्या इंजिन-तासांना.

माझ्या हँडहेल्डवर पहिली पातळी शून्य, दुसरी शून्य. आधीच्या मालकाने इतक्या वर्षांत एकदाही रेडलाइन गाठली नसेल? शक्य आहे, पण त्याखालची ओळही शून्यच होती: इंजिनचे एकूण तास, शून्य. १,२४,००० किलोमीटर धावलेल्या इंजिनाचे तास शून्य असूच शकत नाहीत. यंत्राला ते पान वाचताच येत नव्हतं आणि उत्तर म्हणून ते शून्य छापत होतं. हीच तपासायची खूण: ओव्हर-रेव्ह बघण्याआधी इंजिनचे तास बघा, ते पटण्याजोगे असतील तरच वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

तुम्ही म्हणाल, एका पानासाठी एवढी चिडचिड कशाला. कारण सेकंड-हँड गाडी घेताना लोक हेच पान पाहून हजारो युरोंचा निर्णय घेतात. विकणारा स्क्रीनचा फोटो पाठवतो, 'बघा, ओव्हर-रेव्ह शून्य', आणि घेणारा बयाणा देऊन मोकळा होतो. कोड न वाचणारं यंत्र परवडलं, पण खोटी खात्री देणारं नको.

त्यांच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं, काही बदललं नाही. मग व्हिडिओ मागितला, तो पाठवला. शेवटी 'हे फंक्शन गाडीवर अवलंबून आहे' एवढं लिहून त्यांनी विषय संपवला. चौदा दिवसांची परतीची मुदत तोवर गेली होती, पण इथल्या कायद्यात विक्रेत्याची दोन वर्षांची जबाबदारी असते, आणि २०२२ पासून पहिल्या बारा महिन्यांत दोष मुळातच नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. जाहिरातीत ९८६ साठी ओव्हर-रेव्ह वाचतो असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. विक्रेता अर्धे पैसे द्यायला तयार झाला. मी पूर्ण मागतो आहे आणि मागे हटणार नाही.

दरम्यान ड्युरामेट्रिक घेतलं. अमेरिकन कंपनी, केबल आणि सॉफ्टवेअर, किंमत तेव्हा तीनशे डॉलरच्या मागेपुढे. विंडोजचा लॅपटॉप लागतो, आणि हौशी आवृत्ती तीन गाड्यांपुरती बांधलेली असते. ही तीनची अट वाचून मी बरेच महिने थांबलो होतो, कारण मित्रांच्या गाड्या बघायच्या तर तीन कुठे पुरणार. आता मत बदललं आहे: स्वतःच्या गाडीसाठी घेत असाल तर ही अट आड येत नाही.

पहिल्याच वाचनात तास आले: २,६१० च्या आसपास. १,२४,००० भागिले तेवढे तास म्हणजे ताशी सरासरी साडेसत्तेचाळीस किलोमीटर, गाव आणि हायवे दोन्ही केलेल्या गाडीला शोभेल असा आकडा. पहिल्या पातळीत काही हजार स्पार्क, दुसरीत खरंखुरं शून्य. त्या दिवशी बरं वाटलं.

ह्या भागाकाराचा उपयोग नंतर एका मित्राची गाडी बघताना झाला. मीटरवर ८९,००० किलोमीटर, तास ३,९०० च्या पुढे. सरासरी जेमतेम २३. एवढी हळू गाडी आयुष्यभर शहरातच चालली असेल तर ठीक, पण विकणारा तर म्हणत होता की ती फक्त रविवारी हायवेवर निघते. मित्राने गाडी सोडली. उलटंही होऊ शकतं: डीएमई बदललेला असेल तर तास नव्याने मोजले जातात, तेव्हा फारच कमी तास दिसले तरी चौकशी करा.

पण खरा फायदा मिळाला तो उन्हाळ्यात. इंजिनचा दिवा लागला, पी११२८ आणि पी११३०. दोन्ही बँकांत, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांत, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ, तेही आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना. डोंगलनेही हे कोड दाखवले असते, पण पुढचं नाही. ड्युरामेट्रिकमध्ये डीएमई मिश्रणात किती दुरुस्ती करतो ते सांगणारे एफआरए (चालत्या लोडचा) आणि आरकेएटी (आयडलचा) हे दोन आकडे बँकेगणिक दिसतात. एफआरए १.०० च्या जवळ होता, म्हणजे चालत्या लोडला मिश्रण बरोबर. आरकेएटी मात्र दोन्हीकडे सारखाच वर चढलेला. ऑक्सिजन सेन्सर बिघडला असता तर एकच बँक बोलली असती. दोन्ही एकत्र आणि फक्त आयडलला म्हणजे न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे. मागच्या डिकीतून ऑइल भरायची नळी खाली जाते, तिच्या नागमोडी भागात बोट फिरवलं तर खालच्या वळणाला चीर हाताला लागली, वरून दिसणारच नाही अशा जागी. नळी बदलली आणि आठवड्याभरात आरकेएटी खाली आला. ही गोष्ट गॅरेजमध्ये आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर बदलण्यापासून सुरू झाली असती.

हँडहेल्ड फेकून द्या असं लिहायचं ठरवलं होतं, पण ते अजून ग्लोव्हबॉक्समध्ये आहे. रस्त्यात एखादा दिवा लागला तर लॅपटॉप उघडण्यापेक्षा ते पटकन सांगतं, आणि एअरबॅग, एबीएसचे कोड ते बरोबर वाचतं. त्याच्या आकड्यांवर मात्र मी कुठलाही निर्णय घेत नाही.

स्कॅनरकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. आयएमएस बेअरिंग (इंजिनमधल्या मधल्या शाफ्टचं, ह्या गाड्यांचं बदनाम बेअरिंग) कधी जाणार हे कुठलाच स्कॅनर सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक ऑइल बदलताना फिल्टर कापून आतल्या घड्या पाहायच्या, धातूचा चुरा शोधायचा. कॅमशाफ्ट डेव्हिएशनचे (कॅमशाफ्ट ठरलेल्या जागेपासून किती सरकला त्याचे) आकडे मी गरम इंजिनवर, आयडलला घेऊन वहीत लिहितो. ते नुसते पाहून उपयोग नाही, मागच्या वेळेपेक्षा सरकले का ते बघायचं.

पुण्या-मुंबईत ९८७ किंवा ९८१ ह्या पुढच्या पिढ्यांच्या बॉक्स्टर चालवणाऱ्यांसाठी: तुमच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स वेगळी आहे, तेव्हा माझा अनुभव जसाच्या तसा लावू नका. मॉडेल आणि वर्ष देऊन विक्रेत्याकडून लेखी घ्या की इंजिन-तास आणि ओव्हर-रेव्ह वाचता येतात. पोर्शेचा स्वतःचा पिविस टेस्टर म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या नकला मी टाळतो. चुकीचं कोडिंग झालं तर कंट्रोल युनिटची किंमत स्कॅनरपेक्षा कितीतरी जास्त पडते. आणि स्कॅन लांबणार असेल तर पुढच्या डिकीतल्या बॅटरीला चार्जर लावूनच बसा. व्होल्टेज खाली गेलं की सगळी युनिट मिळून नसलेल्या बिघाडांचे कोड ओकू लागतात, आणि ते एकेक शोधण्यात अख्खी दुपार जाते.