साड्या छान, पण खरे पाच स्टार काउंटरवरच्या दादाला

रविवारी आईला घेऊन राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात गेलो, माहेश्वरी घ्यायची होती, गर्दी म्हणजे विचारू नका. शेजारी एक बाई, तासभर साड्या उघडायला लावल्या आणि वर म्हणतात, "ए, तुला काही कळतं का, डिफेक्टिव पीस दाखवतोस, दोन्हीकडून काठ सारखाच दिसतोय!" अहो बाई, माहेश्वरीचा काठ असतोच तसा, दोन्ही बाजूंनी नेसता येते, तीच तर खासियत!! पण तो दादा (आपल्यातलाच, मराठी निघाला) एक शब्द वाकडा बोलला नाही, काठ उलटा करून दाखवला, "ताई, एकाच पैशात दोन साड्या समजा." तरी बाईंनी साडी त्याच्या अंगावर फेकलीच आणि तरातरा निघून गेल्या. त्याने ती उचलली, जुन्या मोडीवरच नीट घडी घातली, घोटभर पाणी प्यायला आणि आमच्याकडे वळून, "हां काकू, बोला." मालक गल्ल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून, ढिम्म हलला नाही, म्हणून एक स्टार कट. आईने जांभळी घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव केला नाही. पार्किंगचे हाल आहेत, रिक्षानेच जा.